लिहून घेणाराची उलटतपासणी

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या सद्गृहस्थाने रचली त्याने घर बांधलं असेल यात शंका नाही. पण कर्ज काढून विकत घेतलेलं नव्हतं, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. घर बांधणाराला छळणारे लोक ठरलेले असतात. गवंडी येत नाही, सुतार आला तर रंधा आणायला परत जातो, आणि वाळूचा ट्रक नेमका शेजाऱ्यांच्या तुळशीवर रिकामा होतो. पण ही सगळी मंडळी 'पैसे कधी देता?' एवढंच विचारतात. 'पैसे आणले कुठून?' असं आजवर कुठल्या गवंड्याने विचारल्याचं ऐकिवात नाही. हा प्रश्न घर विकत घेणारासाठी राखून ठेवलेला आहे, आणि तो विचारणाऱ्या माणसांची फीसुद्धा त्यानेच द्यायची असते.

आम्ही निफाडचे. आमच्या गावाचं नाव वर्तमानपत्रात ठरावीक वेळी येतं. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की येतं, ऐन काढणीत अवकाळी पावसाने द्राक्षं झोडपली की येतं, आणि एरवी आतल्या पानावर, बारीक टायपात, 'जाहीर नोटीस' या मथळ्याखाली येतं. या तिसऱ्या प्रकारात नुकताच आमचाही नंबर लागला. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात असलेला तो मजकूर वाचताना आपण फ्लॅट घेतो आहोत की कोणाला परागंदा घोषित केलं आहे, हेच कळेना. चौदा दिवसांत हरकत घ्या, असं तमाम लोकांना आमच्या खर्चाने आवाहन होतं. चौदा दिवस दारावरची बेल वाजली की आम्ही दचकत होतो. हरकत कोणी घेतली नाही. एका गृहस्थांचा फोन आला, तो 'फ्लॅट अजून विकायचा आहे का?' असं विचारायला.

ज्यांना दस्ताची भाषा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. खरेदीखतात विकणाराला 'लिहून देणार' म्हणतात आणि विकत घेणाराला 'लिहून घेणार'. नावावरून असं वाटतं, की देणार काहीतरी देत असावा. प्रत्यक्षात देणार फक्त सही देतो; बाकी सगळं घेणार देतो. घराची किंमत अठ्ठावीस लाख, ती तर द्यायचीच. त्यावर पाच-सहा टक्के मुद्रांक शुल्क. त्यावर एक टक्का नोंदणी फी, तीही तीस हजारांच्या वर जात नाही म्हणून सरकारचे उपकार मानायचे. व्यवहार स्वस्तात ठरला तर शुल्क रेडी रेकनरच्या दरावर, आणि महागात ठरला तर ठरलेल्या किमतीवर. दोहीकडून सरकारचीच पोळी तुपात. मग बँकेची प्रोसेसिंग फी, मूल्यांकन करणाराची फी, दस्त तयार करणाराची फी, आणि साक्षीदारांची मिसळ. या सगळ्यांच्या मधोमध, लग्नाच्या पंगतीत व्याही बसावेत तशी वकिलांची फी बसलेली असते.

वकिलांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एक तर ते निफाडला गल्लोगल्ली आहेत, आणि दुसरं म्हणजे त्यांचं काम खरोखरच कष्टाचं आहे. तीस वर्षांचा सर्च म्हणजे काय, हे मला या निमित्ताने कळलं. गहाण सोडवून घेण्याचा दावा मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षांपर्यंत लावता येतो. तेव्हा तेवढं तरी मागे जाऊन पाहावंच लागतं. आमचा फ्लॅट आज दुसऱ्या मजल्यावर आहे, पण वकिलांच्या लेखी तो अजून द्राक्षाच्या बागेतच होता. त्या बागेत एक आजोबा वारले, त्यांना चार वारस लागले, दोन बहिणींनी हक्कसोडपत्र लिहून दिलं, विकास सोसायटीचा बोजा चढला आणि उतरला, जमीन बिनशेती झाली, तिचे प्लॉट पडले. या प्रत्येक पायरीचा फेरफार शोधायचा, इंडेक्स टू काढायचा, दोन्हींचा मेळ घालायचा. फी द्यायला माझी मुळीच ना नाही. माझी तक्रार पुढे आहे.

हे काम आमच्या बाबतीत तीनदा झालं. पहिल्यांदा आमच्या वकीलसाहेबांनी केलं. तो रिपोर्ट घेऊन मी बँकेत गेलो, तर बँक म्हणाली, हा चालणार नाही, आमच्या पॅनेलवरचेच वकील लागतात. तेव्हा पॅनेलवरच्या वकीलसाहेबांनी तीच पुस्तकं पुन्हा चाळली. आणि गंमत अशी, की लिहून देणाराने सहा वर्षांपूर्वी हाच फ्लॅट कर्ज काढूनच घेतला होता. तेव्हाही एका पॅनेलने तीस वर्षं तपासून कागद कपाटात ठेवलेला होता. म्हणजे तीसांपैकी चोवीस वर्षं तीन वकिलांनी तीनदा पाहिली. त्या आजोबांना त्यांच्या चार वारसांनी इतक्या वेळा आठवलं नसेल.

बरं, पाहिलं तर पाहिलं. निदान काय दिसलं ते मला तरी सांगा!

"साहेब, रिपोर्टची एक प्रत मिळेल का?" मी बँकेत विचारलं.

"तो बँकेचा अंतर्गत कागद आहे, काका."

"पण फी मी दिली आहे."

"फी ग्राहकानेच द्यायची असते."

"आणि कागद?"

"कागद बँकेचा असतो."

"बरं, निदान चांगला आहे ना रिपोर्ट?"

"कर्ज मंजूर झालं म्हणजे चांगलाच असणार."

रक्त माझं काढावं, लॅबचे पैसे मी भरावेत, आणि रिपोर्ट मात्र माझ्या घरमालकाच्या हाती द्यावा, यातला हा प्रकार आहे. 'तुम्ही अजून भाडं देताय त्याअर्थी प्रकृती ठीकच असणार,' असं घरमालकाने वर सांगावं!

आता कोणी म्हणेल, एवढी फी घेतात त्याअर्थी उद्या काही निघालं तर जबाबदारीही घेत असतील. माझाही तसाच समज होता. गृहकर्जासाठी मालकी हक्काचा चुकीचा अभिप्राय दिलेल्या एका पॅनेल वकिलाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१२ साली न्यायालयाने सांगितलं, की नुसता अभिप्राय चुकला म्हणून वकील फसवणुकीच्या कटात सामील ठरत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा हवा. निष्काळजीपणा असेल तर तो बार कौन्सिलने पाहावा. हे न्यायाला धरूनच आहे. चुकेल त्याला तुरुंगात टाकायचं म्हटलं तर आम्हा नोकरदारांची हजेरी तिथेच घ्यावी लागेल. पुढे २०२४ साली त्याच न्यायालयाने सांगितलं, की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे याच घरात लावलेला पंखा फिरला नाही, तर मी ग्राहक आहे. पण हे घरच भलत्याचं निघालं, तर ज्याने 'निर्वेध' म्हणून शिक्का दिला त्याच्यापुढे मी ग्राहक नाही. दिवाणी दावा लावता येतो, नाही असं नाही. पण त्यासाठी वकील करावा लागतो.

हे झालं घराच्या तपासणीबद्दल. यापेक्षा कडक तपासणी आमची झाली.

फ्लॅट सौभाग्यवतींच्या एकटीच्या नावाने घ्यायचा असं ठरलं. यात माझं स्त्रीदाक्षिण्य कमी आणि मुद्रांक शुल्क जास्त होतं. स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास २०२१ पासून महाराष्ट्रात एक टक्का सवलत आहे. अठ्ठावीस हजार वाचले. कर्जाला मी सहकर्जदार. उरलेल्या रकमेला बँकेच्या भाषेत 'मार्जिन मनी' म्हणतात, आणि ती कुठून आली याचा पुरावा द्यावा लागतो. माझे पैसे ठीक होते. पगार बँकेत जमा होतो, तो कुठून येतो आणि तीन तारखेपर्यंत कुठे जातो, हे बँकेला माझ्याआधी कळतं. अडचण सौभाग्यवतींच्या तीन लाखांची झाली.

वीस वर्षं ही बाई घरात बसून ब्लाऊज शिवते आहे. त्यातून भिशी लावली, भिशीतून रिकरिंग, आणि तरीही काही कमी पडले म्हणून आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. अर्जात 'धंदा' या रकान्यापुढे बँकेतल्या मुलाने 'घरकाम' लिहिलं आणि 'उत्पन्न' या रकान्यापुढे 'निरंक'. मग वर मान करून त्याने विचारलं, "मग हे तीन लाख कुठले?"

"अहो, त्यांना सांगा," सौभाग्यवती मला म्हणाल्या, "ब्लाऊजची पावती कोणी मागतं का? माप चुकलं तर भांडायला येतात तेवढंच!"

भिशीचा पुरावा म्हणून त्यांनी एक चाळीस पानी वही पुढे केली. तिच्यात बारा बायकांची नावं, दर महिन्याची रक्कम, कोणाचा नंबर कधी लागला, आणि कोणी चहाबरोबर काय केलं होतं, हे सगळं वीस वर्षांचं होतं. एक रुपयाचा फरक नाही. एवढा चोख हिशेब मोठमोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात सापडायचा नाही. पण त्या वहीवर कोणाचाही शिक्का नव्हता, म्हणून ती वही नव्हतीच.

पाटल्यांचं तर विचारूच नका. सोनाराने चेक दिला, तो खात्यात जमा झाला, तेव्हा प्रश्न आला की मुळात सोनं कुठून आलं? मूळ खरेदीची पावती? सासूबाईंनी लेकीच्या हातात पाटल्या घालताना पावती दिली नव्हती. शेवटी लग्नाचा अल्बम उघडला. एका फोटोत हार घालताना वधूचे हात वर झालेले आहेत आणि पाटल्या स्पष्ट दिसताहेत. त्या फोटोची झेरॉक्स काढून, तिच्यावर वधूची सही घेऊन आम्ही फाईलला लावली. झेरॉक्सवर नवरदेवाचं तोंड काळं आलं आहे. इथे एक माहिती देऊन ठेवतो. आयकर खात्याची १९९४ ची सूचना आहे, की धाडीत विवाहित स्त्रीजवळ पाचशे ग्रॅमपर्यंत दागिने सापडले तर ते जप्त करू नयेत. म्हणजे आमच्या घरी धाड पडली असती तर पाटल्या सुखरूप होत्या. घर घ्यायला बाहेर काढल्या, म्हणून त्या संशयित झाल्या.

वीस वर्षं रात्री जागून, डोळे बारीक करून जमवलेला पैसा आपलाच आहे, हे बायकोने एका पंचविशीच्या पोराला पटवून द्यावं आणि आपण शेजारी बसून कागद पुढे सरकवत राहावं, हा प्रसंग विनोदी आहे असं मी आजवर चार लोकांना सांगितलं आहे. सौभाग्यवतींना मी अजून तसं म्हणालेलो नाही.

आणि खरा लबाड असतो, त्याच्या कागदाला कधी सुरकुती नसते. त्याचे पैसे तीन खात्यांतून हिंडून, इस्त्री करूनच येतात. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, तरीही आमचे लिहून देणार चहा पिताना हळूच म्हणालेच, "थोडे रोख जमतील का?" आम्ही नाही म्हणालो. पण त्या रोख रकमेचं ते काय करणार होते, असं त्यांना कोणीही, कुठल्याही फॉर्मवर विचारलं नाही. विचारायचं ते देणाराला.

आमच्या साडूंचा मुलगा इंग्लंडात असतो. तिकडे घर घेताना सहसा सॉलिसिटर नावाचा वकील करतात म्हणतात. त्याने घर घ्यायला काढलं, आणि साडूंनी पिंपळगावहून द्राक्षाचे पैसे पाठवले. सॉलिसिटरबाईंनी विचारलं, हे पैसे कुठले? वडिलांनी दिले. वडिलांना कुठून मिळाले? द्राक्षं विकली. मग त्यांचा आयकराचा कागद दाखवा. आता शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही. साडूंनी तो कधी भरलेला नाही. इतकी मोठी रक्कम कमावणारा माणूस आयकर भरत नाही आणि वर तसं लेखी कळवतो, हे वाचून त्या बाईंना कोणत्या टोळीशी गाठ पडली असं वाटलं असेल, देव जाणे! सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, सहा महिन्यांचं पासबुक, 'हे पैसे बक्षीस आहेत, परत मागणार नाही' असं पत्र, एवढं सगळं गेलं. साडू मला फोनवर म्हणाले, "व्यापाऱ्याकडून पैसे वसूल करणं सोपं होतं हो!"

मला वाटलं, चला, निदान छळाच्या बाबतीत तरी आपण इंग्लंडच्या बरोबरीला आलो. पण मुलाने पुढची गोष्ट सांगितली. एवढी झडती घेतल्यावर तिकडे घराची नोंद सरकारच्या जमीन-नोंदणी खात्यात होते, आणि त्या नोंदीची हमी सरकार घेतं. नोंदीत चूक झाली, कोणी खोट्या सहीने घर लाटलं आणि त्यात तुमचं नुकसान झालं, तर खातं भरपाई देतं. सॉलिसिटरलाही व्यवसायाचा विमा काढल्यावाचून काम करता येत नाही. फी घेतली, झडती घेतली, आणि मग मागे उभे राहिले. आपण त्यांच्याकडून फी उचलली, झडती उचलली. मागे उभं राहणं बोटीत चढलंच नाही.

आपल्याकडे मी दीड लाखाच्या पुढेमागे मुद्रांक शुल्क भरून, अंगठा देऊन, कॅमेऱ्यात पाहून जे नोंदवतो, तो फक्त दस्त असतो. लिहून देणार त्या घराचा मालक होता की नव्हता, याच्याशी नोंदणी करणाराला कर्तव्य नाही. तामिळनाडूने तसं तपासण्याचा एक नियम केला होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात मालकी तपासण्याचा अधिकारच नोंदणी अधिकाऱ्याला दिलेला नाही. सातबारा म्हणावा, तर तो महसुलासाठीचा. त्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकीची सरकारी हमी द्यायची, असं केंद्राच्या भूमी अभिलेखांच्या योजनेत २००८ पासून लिहिलेलं आहे. नोंदी संगणकावर चढल्या, हे मान्य. हमी अजून जिना चढते आहे.

नवीन इमारत घेणाराला थोडा आधार आहे, तोही सांगितला पाहिजे. रेरा कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे जमिनीच्या हक्कात खोट निघाली तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीचं बंधन नाही. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला रेराची नोंदणी लागत नाही, आणि निफाडसारख्या गावात निम्मी घरं तेवढ्यातच उरकतात. त्यातून आमचा फ्लॅट दुसऱ्या हातचा.

हे सगळं आम्हा निफाडकरांना जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर १८७९ साली 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं, की समोर आलेल्या कागदावर थांबू नकोस. सावकाराने मुळात दिलं किती, व्याज लावलं किती, हा सगळा इतिहास पहिल्यापासून उकरून काढ. त्या कायद्याखाली रानड्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला एवढं कळलं होतं, की उलटतपासणी घ्यायची तर आधी ज्याचा हात वर आहे त्याची घ्यावी. आज ज्याचा हात खाली आहे त्याच्याच पाटल्या मोजल्या जातात.

माझं म्हणणं 'तपासू नका' असं नाही. चोराचा पैसा घरात मुरतो म्हणूनच घरांचे भाव आमच्या आवाक्याबाहेर जातात. तेव्हा तपासा, खुशाल तपासा. मागण्या थोड्याच आहेत. ज्याची फी, त्याला रिपोर्ट. बँकेला हवी तर तिने झेरॉक्स काढून घ्यावी, झेरॉक्सचे पैसे मी देतो. एका पॅनेलने पाहिलेली वर्षं दुसऱ्याने ग्राह्य धरावीत आणि फक्त पुढची पाहावीत. 'निर्वेध' असं लिहिणाराने विमा काढावा, त्याचा हप्ता हवा तर फीत मिळवावा. निदान कशाचे पैसे देतो ते तरी कळेल. घेणाराला जे विचारता ते देणारालाही विचारा. बाईने वीस वर्षं लिहिलेली वही पुरावा म्हणून निदान उघडून पाहा. आणि सरकारने पाच-सहा टक्के घेतल्यावर त्या दस्तामागे उभं राहावं. तेही जमत नसेल, तर मुद्रांक शुल्काऐवजी त्याला देणगी म्हणावं.

खरेदीखत झालं. जुन्या वळणाच्या लेखनिकाने ते लिहिलं, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट आम्हाला 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' मिळाला आहे. जल दिवसाआड येतं, तृण गच्चीच्या भेगेत उगवलं आहे, पाषाण किचन ओट्याचा आहे. निधी-निक्षेप म्हणजे पुरलेलं धन, असं वकीलसाहेबांनी समजावून सांगितलं. बाथरूमच्या फरशा बदलायच्या आहेत. पण सौभाग्यवतींनी गवंड्याला बजावून ठेवलंय, की खाली चुकून काही सापडलं तर ते जिथल्या तिथे पुरून टाक, बाबा. ते कुठून आलं, हे बँकेला सांगण्याइतके फोटो आता अल्बममध्ये उरलेले नाहीत.